नीट करतोय

हॅलो?... हो आई, आत्ताच आलो घरी... नाही, जेवायचंय अजून. ऐक ना, लहानपणी बुद्धिबळाचा पट मांडला की बाबा मला काय बजावायचे, आठवतं? ‘आधी “नीट करतेय” म्हण, मग सोंगटी सरळ कर. न बोलता हात लावलास, तर तीच खेळावी लागेल.’ इथल्या मुशैरिब मेट्रो स्टेशनपासून घरापर्यंत तोच आवाज कानात...

स्पर्धेत बाबा हरले? नाही गं, बरोबरी झाली. ते राहू दे. समोर बशीर म्हणून एक केरळचे गृहस्थ होते. आणि बाबा दर चालीआधी ‘अ‍ॅडजस्ट, अ‍ॅडजस्ट’ म्हणत एकेका सोंगटीला हात लावतायत. घोड्याच्या मानेवरून बोट, उंटाच्या टोकावरून बोट... जात्याच्या तोंडाशी दाणे चाचपावेत तसं.

हो, नियमात बसतं. पण कितीदा, आई? शेवटी बशीरनी पंचांना बोलावलं... हो, ताकीद दिली. बाबांना. मान खाली घालून ‘सॉरी’ म्हणाले, हात मांडीवर ठेवले. आणि पुढच्याच चालीला उंट समजून प्यादं उचललं.

हो ना, हात लागला म्हणजे खेळावंच लागलं... नाही, हसले नाहीत बशीर. बराच वेळ बघत राहिले बाबांकडे. मग स्वतःच तक्रार मागे घेतली, आणि आपली प्रत्येक चाल हळूच बोलून दाखवायला लागले. अंध खेळाडूसमोर तशी रीत असते म्हणे.

परक्या माणसाला कळलं, आई. मला घरात राहून नाही कळलं...

आई?... काय म्हणालीस?

तुला माहीत होतं... कधीपासून?... दिवाळीच्या आधीच? डॉक्टर काय म्हणाले?... मधलं पुसट होतं, कडेचं दिसतं... मग मला का नाही... शपथ घातली म्हणून? अगं, सोमवारी एकटे विमानात बसणार होते ते... नाही, तिकीट मी रद्द करतेय. इथल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय...

थांब, बाबा फोन मागतायत. घ्या, बाबा.

रत्ना?... हं. रडतेस काय... नाही गं, तू कुठे चुकलीस? मीच तोंड बांधलं होतं तुझं... हो, सांगतो. इथेच बसलीये, शेजारी. ठेवू नकोस, तूही ऐक.

आसावरी, या खेपेला आल्यापासून तुझा चेहरा मला एकदाही दिसलेला नाही, बाळ. केसांची कड दिसते. कानातलं दिसतं. मधे तू नसतेस.