कारणाचा रकाना

मी : पुन्हा एकदा जाते. या वेळी चपला काढून.

तपासनीस : चपला काढूनच गेलात, मावशी. पदर झटकून झाला, पिशवी बाहेर ठेवून झाली. तीनदा गेलात, तीनदा ही किरणं मोजणारी कमान वाजली.

मी : मग कमानीचं डोकं फिरलंय. एकतीस वर्षं या अणुकेंद्राच्या धुलाईघरात कामगारांचे कपडे धुतले मी. रोज दोनदा हिच्याखालून गेले, एकदा वाजली नाही. आता केंद्र बंद पडून सहा वर्षं झाली, सगळं उतरवून नेलं, आणि आज हिला कंठ फुटला?

सून : आई, यंत्राला नावं ठेवू नका. सकाळपासून चाळीस माणसं गेली. कोणावर वाजली नाही.

मी : सुनेनं बाजू घ्यावी तर ती यंत्राची.

सून : इथे मी सून नाही. इथली सुरक्षा अधिकारी आहे.

मी : ती तू घरीही असतेस. गॅस बंद केला का, हे दिवसातून चारदा.

तपासनीस : मॅडम, कमान का वाजली ते कळल्याशिवाय मी पुढे जाऊ शकत नाही. इथलं काही यांच्या अंगावर सापडलं, तर ते कधीतरी घरी गेलं असं धरावं लागेल. मग तुमचं घर तपासायचं, आणि स्वच्छ म्हणून पास केलेल्या सगळ्या इमारती पुन्हा मोजायच्या.

सून : चार वर्षांचं काम आहे ते. एकटं धुलाईघर राहिलंय. त्यातली एक बुजवलेली मोरी नकाशात नाही. काल तीन ठिकाणी फरशी फोडली, सापडली नाही, म्हणून तर यांना बोलावलं.

मी : नकाशा काढणाऱ्यानं कधी चार कपडे धुतले असते, तर मोरी दिसली असती त्याला.

तपासनीस : मॅडम, नोंदवही घेऊन या. तोवर मी हातातल्या मीटरने मावशींना बघतो.

(सून वही आणायला गेली. रागात असली की तिच्या बुटांचा आवाज वाढतो. आज चांगलाच वाढला होता.)

तपासनीस : हात जरा बाजूला घ्या. हं. छातीशी सगळ्यात जास्त. मावशी, हा मीटर किती आहे एवढंच सांगत नाही, काय आहे तेही सांगतो. हे या केंद्रातलं नाहीच.

मी : मी मघापासून काय ओरडतेय?

तपासनीस : हे दवाखान्यातलं आहे. हृदय तपासताना शिरेतून टोचतात. फार तर काल टोचलेलं असेल.

मी : हळू बोला.

तपासनीस : म्हणजे टोचलंय.

मी : जिना चढताना छातीत जळजळायचं. शेजारच्या शिंपिणीला घेऊन गुपचूप जाऊन आले. घरी सांगितलं, पडदे शिवायला चाललेय.

तपासनीस : दवाखान्यानं कागद दिला असेल ना?

मी : दिला की. पिशवीत आहे. अक्षर बारीक होतं, म्हणून नाही वाचला. दवाखान्याच्या कागदात असतं काय? मीठ कमी खा.

तपासनीस : बघू. यात लिहिलंय, तीन दिवस किरणं मोजणाऱ्या यंत्राजवळ गेलात तर ते वाजू शकतं. हा कागद जवळ बाळगा.

मी : जवळच तर होता.

तपासनीस : मग मिटलं. वहीत तसं लिहू.

मी : यंत्र बिघडलं होतं, असं लिहा.

तपासनीस : मावशी.

मी : ऐका माझं. सून परवा निघतेय. दुसऱ्या एका केंद्राचं असंच सगळं उतरवायचंय, आणि तिथे ही सगळ्यांच्या वर. दीड वर्षाचं काम. इतकी राबली तेव्हा कुठे हे पद चालून आलं. हृदय एवढा शब्द कानावर पडला, तर भरलेली बॅग रिकामी करेल आणि माझ्या उशाशी बसेल. मला उशाशी बसलेलं माणूस खपत नाही.

तपासनीस : मॅडमनी मला तुमचा एक किस्सा सांगितलाय. सगळ्यात मोठ्या साहेबांच्या बुटावर मीटर वाजला, तेव्हा वहीत खरं कारण लिहीपर्यंत तुम्ही त्यांना अनवाणी उभं केलं होतं.

मी : पाऊण तास. मोजेही उतरवले. एकाला भोक होतं.

तपासनीस : ते काय लिहा म्हणत होते?

मी : यंत्र बिघडलं.

तपासनीस : हं.

मी : दिसता तितके साधे नाही तुम्ही. राहू द्या, ती आली. मीच सांगते.

सून : काय सांगता?

मी : काल पडदे नाही शिवले. हृदय तपासून आले. त्यांनी टोचलेलं औषध अंगात आहे, म्हणून कमान बोंबलतेय.

सून : कधीपासून होतंय?

मी : महिनाभर. जिन्यात जळजळतं.

सून : म्हणून मधल्या पायरीवर थांबून मला कुंड्या दाखवायचात? मला वाटलं, या वयात फुलांची आवड लागली. मी अजून दोन कुंड्या आणल्या.

मी : त्यांना पाणी घालायला मलाच जिना चढावा लागला.

सून : हसू नका, साहेब. डॉक्टर काय म्हणाले, आई?

मी : गुणी पोरगा आहे. म्हणाला, आजी, हृदय तिशीतल्या बाईचं आहे, जळजळ पित्ताची. चहा दोन कपांवर आणा. मी पाच म्हटलं. तिनावर तुटलं.

तपासनीस : खरं आहे, मॅडम. रिपोर्ट याच कागदामागे आहे. सगळं चांगलं आहे.

सून : तरी मी जाणं पुढे ढकलते.

मी : वही उघड. आधी लिही, मग रडायचं तेवढं रड.

सून : रडत नाहीये मी. 'कमान तीनदा वाजली. कारण, हृदयाच्या तपासणीसाठी टोचलेलं औषध. केंद्राशी संबंध नाही.'

मी : शेजारच्या रकान्यात?

सून : 'धोका नाही.'

मी : खाली सही कोणाची?

सून : माझी.

मी : मग? या वहीत लिहिलेल्यावर एवढं केंद्र चाललं, आणि सुखरूप उतरलंही. मोठ्या साहेबाला सूट दिली नाही मी, तर सासूचे लाड कशाला? वहीत 'धोका नाही' म्हणजे नाही. परवाची गाडी पकड.

सून : साहेब, तुम्ही तरी काही बोला.

तपासनीस : नोंद पूर्ण आहे, मॅडम. मला कसलीच शंका नाही.

मी : चला, मोरी दाखवते.

तपासनीस : तुम्हाला आत नाही येता येणार, मावशी. माझा मीटर फरशी सोडून तुम्हालाच मोजत बसेल.

मी : एवढी किंमत तर लग्नातही नव्हती मला. बरं, ही जाईल. दारातून सरळ नऊ पावलं, तिथे फरशी पोकळ वाजेल. आणि पावलं माझी बरं का. तू ढांगा टाकतेस.

सून : तुमची पावलं ठाऊक आहेत मला. महिनाभर जिन्यात तुमच्या मागूनच चढतेय.

मी : मागून? का?

सून : तुम्ही कुंड्या बघत होतात, मी तुम्हाला, पाय घसरेल म्हणून. थांबा इथेच, खुर्ची आहे. या साहेब.

मी : खुर्ची नको मला. तिशीतलं हृदय आहे. सापडली का गं?

सून : ऐकू येतंय, आई? पोकळ वाजलं. झाकणही निघालं.

मी : साहेबांचा मीटर काय म्हणतो?

तपासनीस : काही नाही, मावशी. गप्प आहे. नमुना घेतलाय, सही करतो.

सून : एक मात्र चुकलं तुमचं. नऊ नाही, आठच पावलं होती.

मी : चुकलं नाही. पाऊल तुझं मोठं आहे. राहू दे तसंच.