बावन्न किलोचा गट

गयाबाई : दार लाव आधी. कडी घाल. आता ही पिशवी घे.

भावना : काय आहे यात?

गयाबाई : उघडून बघ. आणि हळू बोल, तुझे पप्पा बाहेर पेपर वाचतायत.

भावना : आई! हे तू आणलंस?

गयाबाई : इथल्या मेडिकलातून नाही आणलं. सगळे ओळखीचे. रिक्षा करून उल्हासनगरला गेले, पाच नंबर कॅम्पात. तिथला सिंधी दुकानदार विचारतो, ‘माताजी, किसके लिए?’ म्हटलं, बहू के लिए. मला सून तरी आहे का? तोंडाला आलं ते बोलले.

भावना : अगं, प्रेग्नन्सी टेस्ट आहे ही.

गयाबाई : वाचता येतं मला. पॅडचं पाकीट कपाटात भीमजयंतीच्या आधीपासून तसंच पडलंय. एकसुद्धा कमी झालं नाही. आई आहे मी, माझं लक्ष नसेल असं वाटलं तुला?

भावना : तसं काहीच नाहीये.

गयाबाई : मग कसं आहे ते सांग. सकाळी जिम, कंपनीतून सुटलीस की परत जिम. त्या प्रीतम सरचा फोन आला की मोरीत जातेस आणि नळ सोडून बोलतेस. नळ कशाला सोडायचा?

भावना : सर पन्नाशीचे आहेत, आई. कोच आहेत माझे.

गयाबाई : पन्नाशी झाली म्हणजे पुरुष देव होतो का?

भावना : शी! काहीतरी काय बोलतेस? तुझा माझ्यावर विश्वासच नाही.

गयाबाई : आहे, म्हणून कडी लावून विचारते. नसता तर चारचौघांत विचारलं असतं.

भावना : ऐक. वजन उतरवतेय मी. त्यानं पाळी थांबते कधीकधी. सर म्हणाले, पोरींचं होतं असं, मीट म्हणजे स्पर्धा झाली की येते आपोआप.

गयाबाई : कसलं वजन? तू काय जाडी आहेस?

भावना : जाडीचा प्रश्नच नाही. पॉवरलिफ्टिंगमध्ये गट असतात वजनाचे. बावन्न, सत्तावन्न, त्रेसष्ट, असे. मी एवढी वर्षं सत्तावन्नमध्ये उचलते. सर म्हणतात, राज्य स्पर्धेला बावन्नमध्ये उतर, तिथं टक्कर कमी आहे, मेडल पक्कं. अठ्ठावन्नवरून चौपन्नवर आलेय. दोनच किलो राहिले.

गयाबाई : न जेवता? डबा तर रोज चाटूनपुसून येतो तुझा.

भावना : हो, येतो.

गयाबाई : कोण खातं?

भावना : कौसाबाई. आमच्या पॅकिंगला आहे. तिला सांगते, आई जास्त देते म्हणून.

गयाबाई : वा गं वा! मी अंधारात उठून अंडी उकडायची, आणि मोरिवलीच्या कंपनीत बसून ती कौसाबाई खाणार! चांगली गुटगुटीत झाली असेल.

किसन : अगं, दार का लावलंय? उघड.

गयाबाई : काही नाही हो. बायकांचं बोलणं चाललंय.

किसन : मलाही तिच्याशीच बोलायचंय. उघड आधी. हां. भावना, हे काय आहे?

भावना : पप्पा, तुम्ही माझी बॅग उघडलीत?

किसन : उघडली. बत्तीस वर्षं फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होतो. वरचा शिक्का बघून माल पास करायची सवय नाही मला. महिनाभर बघतोय तुला. गाल बसलेत. एकशेचाळीस किलो जमिनीवरून उचलणारी पोरगी जिन्यात कठडा धरून उभी राहते. मला वाटलं, इंजेक्शनं घेते की काय. इंजेक्शन नाही सापडलं, ही गोळ्यांची पट्टी सापडली. नावाचा भाग कापून टाकलेला.

भावना : मी नाही कापला. सरांनी दिली तीच तशी.

किसन : नाव नसलं तरी गोळी मी ओळखतो. हा माझा डबा बघ. ब्लडप्रेशरला रोज सकाळी मी हीच घेतो. ठेव शेजारी. तोच रंग, मधे तीच रेघ.

भावना : पाणी उतरवायची गोळी आहे फक्त. स्टिरॉईड नाहीये, पप्पा. वजन करायच्या आधी दोन दिवस घेतात सगळे.

किसन : वजन करायला अजून तीन आठवडे आहेत. तू किती दिवस घेतेस?

भावना : दहा. मधे एक दिवस सोडला होता.

किसन : मला ही सुरू करताना डॉक्टरांनी रक्त तपासलं. पोटॅशियम का काय असतं ते बघितलं. तुझं काय तपासलं त्यानं?

भावना : वजन.

गयाबाई : अहो, यानं जिवाला काही होतं का?

किसन : जेवण नाही, पाणी नाही, वर ही गोळी. होऊ शकतं. भावना, तुमच्या खेळात बंदी असलेल्या औषधांची यादी असते ना? माझ्या डब्यावरचं नाव फोनमध्ये टाक आणि बघ.

भावना : ती यादी स्टिरॉईडवाल्यांची असते, पप्पा. उगाच टेन्शन घेताय.

किसन : मग सापडणार नाही. बघायला काय जातंय?

भावना : बघते. थांबा... लोड होतंय.

गयाबाई : काय झालं? आहे का त्या यादीत?

भावना : आहे.

किसन : नाव बरोबर टाकलंस?

भावना : दोनदा टाकलं. बाकीची औषधं लघवीत लपवायला लोक ही गोळी घेतात, म्हणून बंदी. टेस्टमध्ये मिळाली की दोन-चार वर्षं बाहेर.

किसन : म्हणजे त्या प्रीतमला माहीत आहे.

भावना : नसेल हो. सर जुन्या वळणाचे आहेत, त्यांच्या वेळी या याद्या कोण बघत होतं?

किसन : माहीत नसतं तर नाव कापलं नसतं.

भावना : आठ वर्षं शिकवतायत मला, पप्पा. माझ्याकडे लिफ्टिंगचे बूट नव्हते, तेव्हा स्वतःच्या खिशातून आणून दिले होते.

किसन : बूट दिले ते खरं. गोळ्या दिल्या तेही खरं.

गयाबाई : मला एक सांग. तू बावन्नमध्ये गेलीस, तर त्या सत्तावन्नमध्ये तुमच्या जिमची कोण?

भावना : वैदेही.

गयाबाई : ही कोण?

भावना : सरांची भाची. त्यांच्या बहिणीची मुलगी.

गयाबाई : अच्छा.

भावना : आई, असं ‘अच्छा’ नको करू.

गयाबाई : तुम्ही दोघी एका गटात उभ्या राहिलात तर कोण जिंकतं?

भावना : मार्चमध्ये मी जिंकले होते. साडेसात किलोनं.

गयाबाई : बघा! मला तुमचं बेंच-फिंच कळत नाही. पण पंगतीत कुणाला उठवलं आणि कुणासाठी उठवलं, ते बरोबर कळतं.

भावना : वैदेही तशी नाहीये गं.

गयाबाई : ती नसेल. तिचा मामा असेल.

भावना : तिनंच तर मला... जाऊ दे.

किसन : जाऊ दे नाही. पूर्ण बोल.

भावना : मंगळवारी पडले मी. स्क्वाट करताना. बार खांद्यावर होता, खाली बसले आणि डोळ्यांपुढं काळोख आला. वैदेही मागे उभी होती, तिनं बार धरला. नव्वद किलो. सर म्हणाले, घरी सांगू नको, घरचे घाबरतात.

गयाबाई : आणि तू सांगितलं नाहीस!

भावना : सांगितलं असतं तर तुम्ही बंद केलं असतं.

किसन : कपडे बदल. डॉक्टरांकडे जायचं. आत्ता.

भावना : आणि स्पर्धा? नाव काढायचं तर शनिवारच्या आत काढावं लागेल. टीममध्ये माझी जागा रिकामी राहील.

किसन : राहू दे रिकामी.

भावना : पाच मिनिटं द्या. आई, ती पिशवी दे इकडं.

गयाबाई : राहू दे आता. मला कळलं काय ते.

भावना : नाही. करते मी. डॉक्टरांसमोर तू माझ्याकडे तसं बघायला नकोस.

(तीन आठवड्यांनी, राज्य स्पर्धेच्या दिवशी, बदलापुरातल्या हॉलमध्ये मायलेकी शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. भावना यादीत नव्हती. आत पहिल्या लिफ्टची तयारी चालली होती.)

भावना : तक्रारीचा अर्ज तुझ्याकडे ठेव. पप्पा तिथं संघटनेच्या टेबलापाशी थांबलेत, पण तक्रार घेणारे साहेब चहाला गेलेत. आले की हाक मारतील.

गयाबाई : वाच बरं परत एकदा.

भावना : ‘माझी मुलगी भावना हिस प्रशिक्षकांनी बंदी असलेली गोळी नाव कापून दिली. तिच्या रक्तातले पोटॅशियम खाली गेले. पाळी नियमित होईपर्यंत वजन उतरवू नये व स्पर्धेत उतरू नये, असे डॉक्टरांनी लेखी दिले आहे. स्वतःच्या भाचीला सत्तावन्न किलो गटात वाट मोकळी व्हावी म्हणून प्रशिक्षकांनी हा प्रकार केला...’

गयाबाई : बरोबर लिहिलंय. ती भाची कुठंय? कोणती ती?

भावना : तेच शोधतेय. आई, तो बोर्ड बघ. सत्तावन्नमध्ये तिचं नावच नाहीये.

गयाबाई : मग काय, आलीच नाही?

भावना : आलीय. बावन्नमध्ये आहे.

गयाबाई : तुझ्या गटात?

भावना : माझ्या रिकाम्या जागेवर. त्रेसष्टमध्ये आमच्या दोघी होत्या, त्यातली नूतन सत्तावन्नमध्ये, आणि वैदेही बावन्नमध्ये. बावन्नमध्ये कुणीच नसतं तर टीमचे पॉइंट गेले असते. वैदेही छप्पन्न किलोची होती, आई. तीन आठवड्यांपूर्वी.

गयाबाई : सख्ख्या भाचीला?

भावना : भाचीसाठी नव्हतंच ते. ढालीसाठी होतं. जिमला टीमची ढाल पाहिजे होती.

गयाबाई : आणि मी त्या पोरीला घरात बसून नावं ठेवत होते.

भावना : ती बघ. त्या रचलेल्या खुर्च्यांच्या मागे. सगळ्या वॉर्मअपला गेल्यात आणि ही भिंतीला टेकून बसलीय.

गयाबाई : चल.

भावना : नको, सर बघतील. आपण तिला फितवतोय म्हणतील. आणि ती माझा फोन पण उचलत नाहीये.

गयाबाई : तू बस मग. मी जाते. ...आलीस ना शेवटी मागोमाग? ये. काय गं बाळा, बरं वाटत नाही का?

वैदेही : कोण तुम्ही? ...भावना? तू कशाला आलीस? तुझं तर नाव नाहीये.

भावना : बघायला आले. ही माझी आई.

वैदेही : मामा म्हणाला, तुम्ही लोक त्याच्यावर कंप्लेंट करणार आहात. माझं नाव टाकलंय त्यात?

भावना : नाव नाही. भाची म्हणून लिहिलंय.

वैदेही : काय लिहिलंय?

भावना : की तुझ्यासाठी त्यांनी मला खाली ढकललं.

वैदेही : माझ्यासाठी? माझ्याकडे बघून बोल ना. एक्कावन्न पॉइंट नऊ भरले सकाळी. काल दुपारपासून पाण्याचा थेंब नाही घेतला. आता प्यायला दिलं, तर पोटात टिकलं नाही. पिंढरीत गोळा आलाय, सुटतच नाहीये. मामा म्हणतो, भावना घाबरून पळाली, तू तरी माझी लाज राख.

भावना : गोळी दिली त्यांनी?

वैदेही : काही नाही दिलं.

भावना : नाव कापलेली पट्टी होती?

वैदेही : तुला... तुला पण तसलीच?

गयाबाई : भावना, पेन काढ.

भावना : कशाला?

गयाबाई : ती भाचीची ओळ खोड. अक्षर दिसता कामा नये. आणि खाली लिही, हीच गोळी आणखी एका मुलीला दिली.

वैदेही : नको! माझं नाव नको टाकू, प्लीज. पप्पा गेल्यापासून मी आणि आई मामाच्याच घरी राहतो.

गयाबाई : नाही टाकत.

वैदेही : आत्ता नाही म्हणाल आणि तिथं टेबलावर जाऊन सांगाल.

गयाबाई : तू हो म्हणशील त्या दिवशी सांगू. तोवर ‘एक मुलगी’ एवढंच.

वैदेही : माझं नाव पुकारलं. या राऊंडला तिसरी आहे मी.

भावना : किती लावलेत?

वैदेही : पंच्याण्णव.

भावना : उभी राहून दाखव आधी. बार नको, नुसती उभी राहा.

वैदेही : राहते की. ...आई गं!

भावना : बस, बस खाली. आई, हिचा पाय सरळ धर. स्टेजपाशी डॉक्टर आहेत, मी घेऊन येते.

वैदेही : नको, मामा तिथंच आहे. त्याला दिसेल.

भावना : दिसू दे. त्या मंगळवारी तू मागे नसतीस तर तो बार माझ्या मानेवर आला असता. आलेच मी.

गयाबाई : पळ. ...आणि तू, ही बाटली घे बाळा. एकदम नको, घोट घोट घे.

वैदेही : काय आहे यात?

गयाबाई : लिंबू, मीठ, साखर.

वैदेही : अजून?

गयाबाई : अजून काही नाही.

वैदेही : मामाही असंच म्हणाला होता. काही नाही म्हणून.

गयाबाई : बरं झालं विचारलंस.

वैदेही : राग नका मानू, काकू. आधी तुम्ही प्या.

गयाबाई : बरं. ...हे बघ, प्यायले. घाई नाही. मला काही होतंय का ते बघ, मग घे.