पत्ते पिसणारे तात्या

लांज्याच्या स्टँडवर रत्नागिरी गाडीच्या रांगेत दोन चुलतभाऊ माझ्यापुढे उभे होते. मुंबईहून सुट्टीला आलेला प्रज्ञेश सांगत होता, गावातला विनोद ऐकत होता.

“काल मेंढीकोटात मी शेजारच्या तात्यांचा जोडीदार होतो. लागोपाठ सहा डाव हरलो.”

“तात्या नि सहा डाव?”

“सगळे माझ्यामुळे रे. शेवटच्या डावात हुकमाची दश्शीसुद्धा मीच समोरच्यांना देऊन टाकली.”

“मग तासलं असेल तुला.”

“एक शब्द नाही. हरलेल्या जोडीनं पत्ते पिसायचे ना, तर दर वेळी तेच गोळा करायचे. मान खाली घालून सावकाश पिसत बसायचे. पिसून झाल्यावर वर बघायचे तेव्हा तोंडावर हसू.”

“तात्यांचं तसंच आहे. आणि तू?”

“माझं विचारू नकोस. मी फोनवर पोकर हरलो, तरी दोन दिवस घरात कुणाशी धड बोलत नाही. शेवटी विचारलंच त्यांना, तात्या, तुम्हाला राग येत नाय?”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, येतो तर. म्हणून तर पत्ते तुला पिसायला देत नाय.”