हमिदाबीचा बुरखा

—न्हाय, हिरव्याच भर. सभेत हिरव्या उठून दिसत्यात. आन् हळू जरा, हमिदाबी, हाड मोडतीस का काय? तुझ्या हातानं बांगडी कशी अलगद चढायची. महेबूबभाईचं इचाराय आलीस, व्हय ना? टोपली नुसती निमित्ताला. कळतंय मला. निजामाचं राज गेलं, फौज आली, आन् कुणीतरी नाव घेतलं म्हणून तुझ्या मालकाला रझाकार म्हणून धरून नेलं. मनियार माणूस, बायांचे हात धरून पोट भरणारा — त्यो बंदूक कशाला धरंल? मला का ठाव न्हाय? माझ्यापरीस जास्त कुणाला ठाव हाय?

माझ्या नावानं निजामाचं वारंट निघालं तवा तूच तुझा बुरखा माझ्या अंगावर घातलास. ईदीला शिवलेला, एकच हुता. त्यो बुरखा परत येईस्तोवर तू उंबऱ्याभायेर पाय टाकला न्हाईस. आन् महेबूबभाईनं मला बांगड्यांच्या गाडीत बसवलं, परांड्याभायेर काढलं. नाक्यावरच्या जमादारानं इचारलं, ‘कौन है?’ — ‘घरवाली है साहब, मायके छोडने जा रहा हूँ.’ म्या आत घामानं निथळत हुते. त्याच्या आवाजात कंप न्हवता, बघ. वाटंत माझ्याकडं मान वळवून बी बघितलं न्हाय त्यानं. देवमाणूस. इसरले न्हाय गं म्या.

पर हद्दीपल्याड आपल्या लढ्याच्या कॅम्पात पोचले, तर सगळे गोळा झाले. ‘द्वारकाबाई, एकट्याच आलात? शेताशेतानं?’ आता काय सांगू? आमचं मालक तिथंच उभं हुतं. परक्याची बायकू हून बुरख्यात बसून आले म्हणू? सासूबाईंनी घरात घेतलं असतं मला? म्या नुसती मान हलवली. एकदाच! आन् त्याच मानंत हार पडाय लागले. मग हर सभेत तेच — जुंधळ्यात दडले, वढा पवून आले. मला पवता कुठं येतंय? पर लोकं टाळ्या वाजिवत्यात, बाया रडत्यात, पोरी पाया पडत्यात. आज पक्षाचे मोठे लोक प्रांताच्या कमिटीवर माझं नाव घेणार, ते बी त्या वढ्यापायीच. एवढ्या वर जाऊन आता खाली कशी उतरू, तूच सांग.

म्हणून तर त्या तपासाच्या साहेबाला — काय? व्हय, आला हुता. तुला कुणी सांगितलं न्हवतं? मीच बोलून बसले बघ. आला हुता परवा. म्हणला, ‘महेबूब तुमचं नाव सांगतोय. त्यानंच तुम्हाला नाक्यापल्याड पोचवलं म्हणतोय. खरं का बाई?’ ओसरीवर मालक बसलेले, दाराआड सासूबाई. म्हणलं... म्हणलं, बांगड्या विकाय येत हुता, तेवढीच वळख.

अशी बघू नगंस. पाप हाय, म्हाईत हाय मला. पर ऐक, कमिटीवर एकदा नाव लागू दे, मग माझ्या शब्दाला वजन यील. मग म्या स्वता जाते साहेबाकडं. न्हाय, खरं न्हाय सांगायची — खरं कसं सांगू आता? दुसरं कायतरी सांगते. गरीब हाय, सोडा म्हणते. सोडत्याल की. न्हाय सोडणार?

का थांबलीस? ह्यो हात मोकळाच ऱ्हायला की. टोपली का झाकलीस? अगं, एका हातात बांगड्या घालून सभेत उभी ऱ्हाऊ व्हय? बस, हमिदाबी. बस ना गं. रड, शिव्या दे, कायतरी बोल — मोटार वाजली का? आले वाटतं. थांब, तिकडनं नगं! त्यांनी बघितलं तर इचारत्याल, कोण म्हणून. मागल्या दारानं जा.