गाडीचा खोकला

…नाही, पण मी म्हणतो, गाडीला झालं तरी काय होतं? सिग्नलला उभी राहिली की लागली थरथरायला, आरसा हलतोय, दार हलतंय, माझे दात हलताहेत! गॅरेजवाला बॉनेटही न उघडता म्हणाला, "मिसिंग करतेय. ठेवून जा, बुधवारी बघतो." बुधवारी? अहो, पोरगी रविवारी सकाळी निघणार! परगावी, पहिली नोकरी, आणि मी अख्ख्या घरासमोर छातीठोकपणे सांगितलेलं की हिला सोडायला मीच जाणार, माझ्या गाडीतून. तुम्हाला सांगतो, एकुलती एक लेक, घर सोडून चालली, बापाला तेवढे चार तास शेजारी बसून गप्पा नकोत का मारायला? म्हटलं, त्यात काय एवढं, घरीच करू!

पोरगी म्हणाली, "बाबा, मी बसचं तिकीट काढून ठेवते."

"बापावर भरवसा नाही?"

"बापावर आहे हो… गाडीवर नाही."

शनिवारी सकाळी बॉनेट उघडलं, तर सासरे हजर. जन्मभर दवाखान्यात कंपाउंडर होते. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, डोळे मिटलेले… "जावईबापू, खोकला कोरडा आहे." आता कोरडा काय नि ओला काय, औषध सांगा ना! तर म्हणे, "आधी आतून स्वच्छ करा." झालं! स्वच्छ हा शब्द बायकोच्या कानावर पडला. मी प्लगच्या चारही वायरी उपसून बाजूला ठेवल्या, प्लग घासायला बसलो, वळून बघतो तर वायरी गायब! कुठे? स्वयंपाकघरात! साबणाने घासून, धुऊन, दोरीवर वाळत! "शी, किती काळ्या होत्या हो!" आणि वाळल्यावर आणून दिल्या त्याही लांबीप्रमाणे लावून, सगळ्यात छोटी पुढे.

आता कुठली वायर कुठे होती, कोण सांगणार? म्हटलं, त्यात काय एवढं! चार भोकं, चार वायरी. एक, दोन, तीन, चार, शहाण्या माणसासारख्या लावल्या, किल्ली फिरवली… धाड्! असा बार उडाला की सासरे स्क्रूड्रायव्हर टाकून जिन्यात! मग गाडीची पुस्तिका उघडली, तर इंजिनात ठिणगी पडायचा क्रम काय? एक, तीन, चार, दोन! आता मला सांगा, हे काय मोजणं झालं? माझ्या पोरीने पहिलीत असं मोजलं असतं तर मास्तरांनी मला बोलावून घेतलं असतं! पण लावल्या बाबा तशाच. गाडी सुरू झाली. आणि पुन्हा थरथरायला लागली, जशीच्या तशी! म्हणजे दिवसभर मरमर मरून मी पोचलो कुठे? होतो तिथेच.

रविवारी पहाटे इंजिन चालू ठेवून पुन्हा बॉनेटमध्ये डोकं. मागून पोरगी म्हणाली, "बाबा, येते मी. टॅक्सी आलीय." हात काळे, धड पाठीवरून फिरवताही येईना हो! कोपरानेच जवळ घेतली. गेली. आणि ती टॅक्सी वळल्यावर, तुम्हाला सांगतो, गल्ली इतकी शांत झाली की इंजिनातून बारीक 'स्स्स' ऐकू आलं. रबराची एक नळी, करंगळीएवढी, तिला चीर! तिथून हवा ओढत होती भवानी! पोरीच्या खोक्यांना लावलेली चिकटपट्टी उरली होती, तीच गुंडाळली गच्च, आणि गाडी अशी गप्प झाली… अशी गप्प…

तसाच निघालो, बनियनवर! स्टँडवर पोचतो तर बस सुटलेली. सोडतो काय! चार तास बसच्या मागे. ती मागच्या खिडकीतून हात हलवतेय, मी हॉर्न वाजवतोय. गप्पा म्हणाल तर एवढ्याच. तिकडे ती उतरली, मी ऐटीत गाडी तिच्या पुढ्यात आणली, "बघ!" म्हणालो, आणि तापून तापून ती पट्टी सुटली. थरथर, थरथर… ठप्प!

गाडी ढकलत तिच्या दाराशी लावली, परतलो त्याच बसने. बायकोने दार उघडलं. "पोरीला सोडायला गेलात, आणि गाडी सोडून आलात?"

दोन दिवसांनी पोरीचा फोन. "बाबा, कोपऱ्यावरच गॅरेज आहे, नवी नळी दहा मिनिटांत बसेल म्हणतात. देऊ का?" म्हटलं, खबरदार! कुणाला हात लावू द्यायचा नाही! त्यात काय एवढं, घरीच करू, मी येतो ना रविवारी!

तेव्हापासून दर रविवारी पान्यांची पिशवी घेऊन पहिली बस. ती चहा करते, मी बॉनेट उघडतो, गप्पा होतात, बॉनेट मिटतो. आता तर कंडक्टरही विचारतो, "काय काका, झाली का दुरुस्त?"

म्हटलं, नाही हो… लक्षण काही ठीक दिसत नाही. परतीचंही द्या.