कण्याच्या आतलं मांस

डिचोलीहून साखळीला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर दोघी होत्या. एक म्हातारी, दुसरीच्या मांडीवर गरम डबा.

“काय गो विमला, वास कसला?”

“सांबराचं मांस, मावशी. हळू बोला, हल्ली पकडतात. आमच्या लेकीला, गौरवीला, सातवा लागलाय ना, तिला त्याचेच डोहाळे.”

“शिजलं तरी? चिवट असतं ते.”

“हे कण्याच्या आतलं, लोण्यासारखं. वरचा पापुद्रा सुरीनं ओढून काढला, आलं-लसूण, मिरी चोळली आणि तव्यावर नुसतं परतलं. जास्त ठेवलंस तर वातड होईल, हे ह्यांनीच सांगितलं.”

“दिलं कोणी?”

“ह्यांच्या दोस्तांनी. शिकारीतला वाटा.”

“कण्याच्या आतलं, आणि वाटा?”

“हो. का?”

“मी सत्तरी तालुक्यातली गो. माझे भाऊ शिकारी. ते मांस वाट्यात घालत नाहीत. ज्याचा बार लागला, त्याच्याच घरी जातं.”

“छे! ह्यांनी बंदूक कधीच सोडली. गौरवी लहानपणी तापानं फणफणली, तेव्हा सातेरी देवीला गाऱ्हाणं घातलं होतं. पोर वाचू दे, पुन्हा बंदुकीला हात लावणार नाही म्हणून.”

“मग हे मांस तुझ्या घरी कसं आलं गो?”

“मावशी, असं काय बोलता!”

“डबा झाक आधी.”

“कारापूर! कारापूरवाले उतरा!”

“उठ गो, कंडक्टर ओरडतोय.”

“कशी उठू, मावशी? ती बघा गौरवी, पोट सांभाळत थांब्यावरच येऊन उभी राहिलीय. डबा आल्याशिवाय जेवणार नाही म्हणाली होती.”