नुसतं बघायची खिडकी

—अंगठा देतो की साहेब, पळून कुटं चाललोय मी? पण आधी ऐका. कागद मालकांनी पाठवला, वाचून तुमी दाखवला — "मंगळवारी पडद्यावर वावगं काही दिसलं नाही, इलाहीबक्ष, राखणदार." मला अक्षरं येत न्हाईत. आकडे येतात. चाळीस वर्सं ह्याच रंगखात्यात टॉवेल रंगवले, आकडे येणारच की.

ह्यो काळा पडदा तुमीच पुण्यास्नं येऊन बसवला, व्हय न्हवं? म्हणला, बाबा, हापिसातला पडदा काम्प्युटरचं तोंड दावतो, ह्यो पोट दावतो — आत किती हुकूम रांगेत तुंबल्यात त्याचा आकडा वरच्या ओळीत. आणि म्हणला, ही खिडकी हाय, दार न्हाय; नुसतं बघायचं. बरं वाटलं मला. दोन, तीन, दोन — पोट साफ असलं की असंच चालतं.

मंगळवारी सात झाला. मग बारा. हापिसात फोन लावला, तर मालक म्हणले, इलाहीचाचा, हितं सगळं हिरवं हाय, वाफ बंद हाय, चहा प्या. आता वाफ सोडायचा हुकूम पोटात अडकलेला — तोंडाला त्याचा काय पत्ता? ते हिरवंच दावणार! हिरवं बघून हौदावरचा गडी चनमल्लप्पा हौद घासायला आत उतरला. हिकडं एकोणीस. मग तुंबलेलं एकदम सुटलं, हुकूम निघाला, वाफ आली. सहा दिवस झाले, दवाखान्यात हाय, डोळं उघडत न्हाय.

मी काय केलं? बसलो. फोन ठेवल्यापासनं वीस मिनटं, साहेब — हे बोलायचं नव्हतं, पण निघालं तोंडातनं. मेन खटका वडला की वाफेची चावी आपोआप बसती, वाफ तुटती, मला ठावं हाय. दिवाळीत नऊ बघून वडला हुता. काय झालं न्हवतं, नुसता रंग डागाळला, तर मालक सगळ्यांदेखत म्हणले, चाचा, तुमचं काम डोळ्याचं, हाताचं न्हाय. तवापासनं हात मांडीखाली दाबून बसतो. मंगळवारीबी दाबूनच बसलो हुतो.

पडदा इजला की आकडे गेले, पुरावा न्हाय, असं म्हणता. खरं हाय. पण रंगाऱ्याची खोड — हौदाची ऊब आमी निळीच्या बोटानं भिंतीवर मांडायचो. मंगळवारचं ते बघा, पडद्याखाली. सात, बारा, एकोणीस. रुमाल कशाला काढता? नीळ हाय ती, जात न्हाय.

आज हौदात कोण हाय, ठावं हाय? सिदू. चनमल्लप्पाचा धाकटा भाऊ, सकाळपासनं त्याच्या जागी लागलाय. लगीन ठरलंय त्याचं, अक्कलकोटची पोरगी. मगाशी जाताना चुना मागून गेला — चाचा, लक्ष ठेवा म्हणला.

तुमी मघापासनं माज्या अंगठ्याकडं बघताय. पडद्याकडं बघा की. आठ. — न्हाय, अकरा.

फोन? कुणाला लावता? हिरवं हाय म्हणतील.

तुमचा कागद घ्या. उठा साहेब, बाजूला व्हा — खटका तुमच्या पाठीमागं हाय.